निवळलेलं तेल

४ डिसेंबर

ठके,

वरचं 'अनेक आशीर्वाद' वगैरे तुझं तू समजून घे. कागद एकच आहे आणि जाऊबाई डोक्यावर उभी आहे.

तुझा फोन आला होता असं तुझे भावजी म्हणाले. मला फोनवर बोलावू नकोस हे किती वेळा सांगायचं? उजवा कान पुरता गेलाय, डावा निम्मा. शेडमधला पंप दिवसभर घरघरतो, त्यात तू पलीकडून 'बरं आहे, बरं आहे' करतेस ते मला मांजर ओरडल्यासारखं ऐकू येतं. शिवाय फोनवर तू पटकन खोटं बोलतेस. पत्रात खोटं लिहायचं म्हणजे माणसाला बसून लिहावं लागतं, निम्म्यातच कंटाळा येतो. म्हणून पत्र. टँकरवाला गोगलगाय दर चौथ्या दिवशी आमचं तेल घेऊन तुमच्या कारखान्यात येतोच, त्याच्या खिशात चिठ्ठी टाकली की झालं. कधी पोचेल ते विचारू नकोस. टँकर असा चालवतो जसं आत तेल नाही, झोपलेलं बाळ आहे.

इकडे थंडीने हैराण केलंय. खानावळी, वसतिगृहं, दवाखान्याचं स्वयंपाकघर, सगळीकडून येणारं तळणीचं तेल पिंपातच थिजतं. आम्ही पाच बायका ते खरवडून काढतो, गाळतो, मोठ्या टाकीत सोडतो. कागदावरचा नियम असा की टाकीतल्या वाफेच्या नळीने तेल कोमट ठेवायचं आणि तीन दिवस ढवळायचं नाही, म्हणजे पाणी आणि साका खाली बसतो. पण ती नळी नोव्हेंबरातच फुटली. तुमच्या ऑफिसच्या माणसाला मी दोनदा तोंडी सांगितलं. तो म्हणाला, "लेखी द्या." मी म्हटलं, बघते. माझं अक्षर तुला माहीत आहे, चौथीत शाळा सुटली तेव्हाच ते वाढायचं थांबलं. तुला लिहायला लाज नाही वाटत, तुझा शेंबूड पुसलाय मी. साहेबलोकांना कुठे ते कोंबडीचे पाय दाखवायचे.

तर नळी नाही आणि तेल चौथ्या दिवशी निघालंच पाहिजे. दोन टँकर गढूळ म्हणून तुमच्या चष्मेवालीने परत पाठवले. तिसरा परत आला तर शेडला कुलूप, असं करारात लिहिलंय म्हणे. मग मला आईची युक्ती आठवली. केली. सकाळी बरणीत तेल घेऊन बघते तर पलीकडचं बोट दिसावं इतकं निवळ. परवाचा टँकर मुकाट्याने उतरवून घेतला की नाही तुमच्या चष्मेवालीने?

तू तिथे नेमकं काय करतेस ते एकदा धड लिही. तुझे भावजी लोकांना सांगतात, मेहुणी तेलाचं डिझेल करते. लोक विचारतात, ते कसं? मग हे म्हणतात, यंत्र असतं.

ताई


९ डिसेंबर

प्रिय ताई,

चिठ्ठी आज मिळाली. म्हणे सीटखाली गेली होती.

आधी तुझी बातमी. चष्मेवाली (त्यांना प्रयोगशाळेच्या बाई म्हणत जा, त्या चांगल्या आहेत) तुमच्या तेलाची बाटली उजेडात धरून फिरल्या. परवाच्या बैठकीत मोठे साहेब म्हणाले, "थंडीत असं तेल मोठ्या गाळणीवाल्यांना जमत नाही, या पाच बायकांना जमतं." मी जागच्या जागी फुगले. सांगून टाकलं, माझी ताई आहे, आमच्या आईची युक्ती आहे. आई चरबी जाड लोकरी कापडातून दोनदा गाळायची ना? मला तेवढंच आठवतं, ते कापड आणि त्याचा वास. साहेबांना मी तेच सांगितलं.

आता माझं काम. तुमचं तेल खूप तापवतो, त्यात हायड्रोजन वायू दाबाने मिसळतो आणि ते एका उंच टाकीतून खाली सोडतो. त्या टाकीत बारीक खडे भरलेले असतात, मोडलेल्या पेन्सिलीच्या शिशाएवढे. कागदावर त्यांना उत्प्रेरक म्हणतात, आम्ही खडेच म्हणतो. तेल आणि वायू त्या खड्यांवर भेटले की तेलाचं डिझेल होतं, थोडं पाणी सुटतं, थोडा वायू. खडे मात्र तसेच राहतात. जपलं तर दोन वर्षं चालतात.

मी पाळीला असते तेव्हा दर दोन तासांनी एक फेरी मारते. दाब बघायचा, कुठे गळतंय का ते बघायचं. हायड्रोजन पेटला तर दिवसा त्याची ज्योत डोळ्यांना दिसत नाही. म्हणून संशय असला की आम्ही लांब दांड्याचा झाडू पुढे धरून चालतो. झाडू पेटला तर पुढे आग आहे. यंत्रं आहेत आवाज करणारी, पण जुनी माणसं म्हणतात, यंत्र चुकेल, झाडू चुकणार नाही. घाबरू नकोस. तीन वर्षांत माझा झाडू एकदाही पेटलेला नाही.

तुझी,
ठकी


१५ डिसेंबर

ठके,

खडे म्हणजे मला कळलं. आपल्या आत्यासारखे. दोघांना एकमेकांच्या अंगावर घालायचं आणि आपण नामानिराळं राहायचं.

झाडूचं वाचून मी हसले, मग हसू गेलं. एवढं शिकवलं, दोन परीक्षा दिल्यास, आणि हातात झाडूच. आणि तो कशासाठी, तर पुढे मरण आहे का बघायला. असलं कसलं काम ते. तुझ्या भावजींना वाचून दाखवलं नाही, ते रक्तदाबाच्या गोळ्या वाढवतील.

साहेबांना कापडाचं सांगितलंस ते बरंच झालं. आपली खरी युक्ती फुकट कशाला वाटायची? उद्या मोठे गाळणीवाले तेच करतील आणि आम्ही पाचजणी बसू हात हलवत. तू तेव्हा चार वर्षांची होतीस, तुला कापडच आठवणार. राहू दे. तेल निवळतंय ना, मग झालं.

जाऊबाई विचारते, तुझ्या साहेबांनी शाबासकी तोंडीच दिली की लेखी?

ताई


६ जानेवारी

प्रिय ताई,

तीन आठवडे लिहिलं नाही, रागावू नकोस. इथे धावपळ चालली आहे.

खडे मरायला लागले आहेत. दोन वर्षं चालायचे ते आठ महिन्यांत. टाकीच्या वरच्या थरात काहीतरी चिकटून बसलंय, तेल खाली उतरायला दाब वाढवावा लागतोय. बाईंनी नमुने बाहेर पाठवले. उत्तर आलं की मीठ आहे. साधं, जेवणातलं असतं तसलं.

आणि मीठ तिथेच थांबत नाही. त्याचा एक भाग पुढे जातो, आणि डिझेल गार होतं तिथे पाणी सुटलेलं असतं, त्या पाण्यात मिसळून त्याचं आम्ल होतं. ते पाइपाला आतून खातं. बाहेरून रंग चकचकीत, आत पोखरलेलं. गार होण्याच्या जागेनंतर एक वळण आहे, एल्बो म्हणतात, तिथली जाडी यंत्राने मोजली. नऊ मिलिमीटरची साडेपाच झाली आहे. त्या वळणाच्या खालूनच माझी फेरी जाते.

पण तू काळजी करू नकोस. साहेबांनी शोध लावलाय. सप्टेंबरात जहाजातून तेल आलं होतं, त्याला समुद्राचं पाणी लागलं असणार. तो साठा आता संपला. म्हणजे मीठ यायचं थांबलं, म्हणजे पाइप आहे त्याहून पातळ होणार नाही. मार्चमध्ये कारखाना ठरल्याप्रमाणे बंद होईल तेव्हा वळण बदलतील. तोवर चालवायचं ठरलंय.

तुमच्या तेलाचं अजून कौतुक चालू आहे. कापड जपून वापर, फाटेल.

ठकी


८ जानेवारी

ठके,

तुझं पत्र काल मिळालं.

रजा काढून घरी ये. मला बरं नाही. छातीत धडधडतं, हात उचलत नाही. पंधरा दिवस तरी राहायला ये.

ते जमत नसेल तर फेरी दुसऱ्या कोणाला दे. त्या वळणाखालून जाऊ नकोस. वळसा घालून जा, लांबून बघ, चष्मा लाव, काहीही कर. का ते विचारू नकोस. मोठ्या बहिणीने सांगितलं की ऐकायचं एवढं तरी तुला शिकवलं होतं.

जहाजाचं नक्की आहे ना? साहेब म्हणाले म्हणजे त्यांनी बघून म्हटलं की अंदाजाने?

इथे सगळं ठीक आहे.

ताई


१४ जानेवारी

ताई,

गोगलगायीला विचारलं. तो म्हणाला, तुझी ताई परवा भरलेलं पिंप एकटीने आडवं करत होती आणि मला शिव्या देत होती. छातीत धडधडणारी बाई अशी असते का? पत्रात खोटं लिहायला कंटाळा येतो म्हणाली होतीस. मग एवढं कसं लिहिलंस, आणि एकाच पत्रात 'बरं नाही' पण लिहिलंस आणि 'ठीक आहे' पण?

मी घाबरलेली आहे आणि तू मला कोडी घालतेस. आता लिहितेच, कारण इथे कोणापुढे म्हणता येत नाही. मी घाबरलेली आहे. वळणाची जाडी थांबली नाही. शनिवारी चारच्या खाली आली. साठा संपून आठवडा उलटला तरी मीठ येतंच आहे. सोमवारी वळणाच्या आवरणातून ओल दिसली. त्यावर पट्टा आवळून बसवलाय. पट्टा म्हणजे फाटलेल्या चपलेला दोरी. माझ्याबरोबरचा जुना ऑपरेटर, ज्याने मला झाडू धरायला शिकवलं, तो काल आजारपणाची रजा टाकून गेला. त्याला काही झालेलं नाही. जाताना माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मी साहेबांना म्हटलं, बंद करा. ते म्हणाले, "मीठ कुठून येतंय ते कळलं तर उद्या बंद करतो. कारण न कळता बंद केला तर वरच्यांना काय सांगू? खडे बदलून चालू करायचं आणि पुन्हा मीठ आलं तर?" त्यांचंही खरं आहे. कारण कळलं पाहिजे.

फेरी दुसऱ्याला दे म्हणतेस. म्हणजे त्याने मरावं का?

आणखी एक. तुमचं तेल गेल्या खेपेपासून पुन्हा गढूळ येतंय. बाई विचारत होत्या, कापड फाटलं का म्हणून.

ठकी


१६ जानेवारी

ठके,

कापड नव्हतं. मीठ होतं.

उभी असशील तर बस. मीच टाकलं. आई घरी साबण करायची तेव्हा चरबी शिजली की मूठभर मीठ कोमट पाण्यात विरघळवून वरून ओतायची. घाण आणि पाणी खाली, चांगलं वर. तू चुलीपाशी येऊ नयेस म्हणून मी तुला कडेवर घेऊन उभी असायची, म्हणून तुला दिसलं नाही, मला दिसलं. तेल निवळेना तेव्हा मी तेच केलं. एका बादलीला चार मुठी. एका टाकीला वीस बादल्या. दहा टँकर गेले तसे. खारं पाणी खालून सोडून द्यायचे, मला वाटायचं सगळं गेलं. थोडं राहिलं तर काय, मीठच आहे, विष थोडंच आहे, आपण रोज खातो.

तुझं सहा तारखेचं पत्र वाचलं तेव्हा मी शेडच्या पायरीवर बसले होते. 'मीठ' शब्दाशी आले आणि पुढचं मला वाचता येईना. तीनदा वाचलं. मिठाचं पोतं खिळ्याला टांगलेलं होतं ते काढून मागच्या गटारात रिकामं केलं. मला वाटलं, हात थांबला की झालं. तुझे साहेब जहाजाला दोष देतायत, जहाज काही बोलत नाही. तुला घरी बोलावून घेते, तू वाचतेस, शेडही वाचते. अशी मी हिशेबी. तुमच्या मोठ्या टाकीत माझं तेल सगळ्यात मिसळलेलं असणार, तळाशी खारं पाणी बसलेलं असणार, ते अजून येत असणार, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. किंवा आलं आणि मी हाकललं. आता काय ते लिहितेच तर सगळं लिहिते.

काल तुझं पत्र आलं आणि मी जाऊबाईला सांगितलं. ती म्हणाली, "गप्प बस. मीठ विरघळलं, गेलं. तुलाच कशाला उकळी फुटते?" मी म्हटलं, बहीण आहे तिथे माझी. म्हणाली, "तुझी एक बहीण. इथे पाच चुली आहेत." मी पिंप धूत राहिले. ती गाळणं झटकत राहिली. मग म्हणाली, "फेरीला ती एकटीच असते का गं?" मी म्हटलं, पाळीत सोळा माणसं असतात. त्यावर ती कितीतरी वेळ गाळणंच झटकत होती, त्यात काही नव्हतं तरी.

मग गोगलगायीच्या फोनवरून गेटला फोन लावला. मला ऐकू येत नाही म्हणून तोच बोलला. तेल कोणी खराब केलं ते आम्हाला माहीत आहे, कारखाना बंद करा, असं सांगितलं. पलीकडून फोन इकडून तिकडे फिरला आणि शेवटी ऑफिसचा माणूस म्हणाला, "असं फोनवर कोणी पण सांगेल. लेखी द्या."

तर देते लेखी. जाऊबाईने तिच्या मुलीच्या वहीतलं रेघांचं पान फाडून आणून दिलं. म्हणाली, "रेघांवर लिही, साहेबाला वाचता आलं पाहिजे." दुसरा कागद साहेबांचा आहे. तू वाच आणि स्वतः नेऊन त्यांच्या हातात दे. गोगलगायीला सांगितलंय, आज बाळ झोपलेलं नाही.

ताई


१६ जानेवारी

मोठे साहेब यांस,

मी तुमच्यासाठी तळणीचं तेल गाळणाऱ्या शेडची मुकादम. अक्षर वाईट आहे, पण सावकाश वाचलं तर लागतं.

तेलातलं मीठ माझं आहे. जहाजाचं नाही. २८ नोव्हेंबर ते ७ जानेवारी मी प्रत्येक टाकीत खडेमिठाचं पाणी टाकलं, तेल निवळावं म्हणून. दहा टँकर. तुमच्या कागदावर तेलातलं पाणी तपासा लिहिलंय, मीठ तपासा असं लिहिलेलं नाही, पण ते मी माझ्या बाजूने म्हणत नाही. मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मीही कोणाला विचारलं नाही. बाकीच्या चौघी माझ्या हुकमाने बादल्या उचलत होत्या. माझ्या बहिणीला काही माहीत नव्हतं. तिला कापड वाटलं.

मोठ्या टाकीच्या तळाचं पाणी काढून तपासा. खारट लागेल.

तुम्ही म्हणालात, कारण कळलं तर उद्या बंद करतो. कारण कळलं. बंद करा. मग मला काय विचारायचं ते विचारा, मी इथेच आहे.

आमच्या टाकीतली वाफेची नळी नोव्हेंबरपासून फुटली आहे. हेही आता लेखी.

शेडची मुकादम


१९ जानेवारी, तुमच्या गेटवरून

ठके,

हा कागद पहारेकऱ्याचा आहे. सकाळच्या बसने आले. पहारेकरी म्हणतो, बंद करणं चालू आहे, आत-बाहेर कोणाला सोडायचं नाही. मी म्हटलं, दिवा बंद करायला एवढा वेळ लागतो का? तो म्हणाला, "मावशी, दोन दिवस लागतात. हळूहळू गार करतात, हळूहळू दाब सोडतात. घाई केली की तडकतं. सगळ्यात भीती बंद करतानाच असते."

हे मला कोणी आधी सांगितलं नाही. मीच लिहिलं ना, बंद करा म्हणून. आणि आता तू आत.

मी बाकावर बसले आहे. कानाला काही कळत नाही, पण तुमचा कारखाना चालतो तेव्हा जमीन घरघरते ती तळव्यांना कळते. चपला काढून बसले होते. दुपारी दीडच्या सुमारास घरघर थांबली. एकदम. पहारेकऱ्याकडे बघितलं तर तो उभा राहून आत बघत होता, त्याचं तोंड हलत होतं, फोन कानाला. मी विचारलं, काय झालं? त्याने हाताने बस म्हणून खूण केली. नंतर काही सांगितलं नाही.

माझ्या कानात काही सांगायचं तर ओरडून सांगावं लागतं. लोकांना ओरडायची लाज वाटते म्हणून मला कोणी काही सांगत नाही, हे असंच असतं. पण आज त्याच्याकडे सांगायला काहीतरी होतं आणि त्याने ते गिळलं. मी बघितलं.

शेवटची बस साडेपाचची आहे. हा कागद आत द्यायला सांगते. एक ओळ लिही. ओळ नको, रेघ मार. तुझ्या हातची आहे ते मी ओळखीन.


२२ जानेवारी

ताई,

मी जिवंत आहे. रेघ मारण्यापुरता हात त्या दिवशी नव्हता, पट्टी होती. आज बोटं हलतात.

तुझा कागद साहेबांना मी सतरा तारखेला सकाळी दिला. त्यांनी तो वाचला, पुन्हा पहिल्यापासून वाचला आणि फोन उचलला. मला वाटलं वरच्यांना विचारतील. त्यांनी विचारलं नाही. म्हणाले, "बंद करा." मोठ्या टाकीच्या तळातून बाईंनी दोन बादल्या पाणी काढलं. जीभ लावायची गरज पडली नाही, बादलीच्या काठावर पांढरं सुकलं.

एकोणीस तारखेला दुपारी एकच्या फेरीला मी गेले. दाब निम्म्यावर आला होता. वळण अजून वीस पावलं लांब होतं. काही दिसत नव्हतं, ऊन होतं, सगळं नेहमीसारखं. मी झाडू पुढे धरला होता. झाडूच्या टोकाच्या काड्या वाकल्या. वारा नव्हता तरी वाकल्या. मग लाल झाल्या आणि नाहीशा झाल्या. आवाज नाही, धूर नाही. माझ्या हातात निम्मा झाडू, आणि पुढे ऊन.

किती वेळ उभी राहिले माहीत नाही. मग उलट्या पावलांनी मागे आले, पाठ फिरवायची हिंमत झाली नाही. ओरडले. वायू तोडला, वाफेचा पडदा सोडला, उरलेला दाब मशालीकडे, म्हणजे जादा वायू जाळायच्या उंच नळाकडे, सोडून दिला. चाळीस मिनिटांनी दुसरा झाडू पुढे धरला, तो पेटला नाही. उजवी भुवई गेली आणि बोटांवर फोड आलेत. बाकी सोळाच्या सोळा आहेत.

वळण कापून काढलं. सगळ्यात पातळ जागी दीड. भोक सुईच्या नेढ्याएवढं. फिटर म्हणाला, पूर्ण दाबावर असतं तर ते नेढ्याएवढं राहिलं नसतं, आणि आपण त्याबद्दल बोलत बसलो नसतो. म्हणजे तुझ्या कागदाने वाचवलं, असं सगळे म्हणतात. साहेबही म्हणाले.

मी नाही म्हणत. मी मोजलंय. सात तारखेला तुला कळलं. सोळा तारखेला तू लिहिलंस. माझी सुट्टी सोडून आठ दिवस. पाळीला चार फेऱ्या. बत्तीस वेळा मी त्या वळणाखालून गेले आणि तुला ते माहीत होतं. मीठ टाकलंस त्याचा मला राग नाही, शपथ. ते आईचं होतं, मी पाहिलं असतं तर मीही टाकलं असतं. या बत्तीसचं काय करू ते सांग.

आता मला भेटायला येऊ नकोस. मी लिहीन. झाडू गोगलगायीबरोबर पाठवते आहे. ठेव नाहीतर जाळ.

ठकी


२ फेब्रुवारी

ठके,

झाडू मिळाला. जाळायला काही उरलंय का त्यात? मिठाचं पोतं टांगायचे त्या खिळ्याला टांगलाय.

बत्तीसचं काय करायचं ते मला माहीत नाही. माहीत असल्यासारखं लिहिलं असतं, पण तू ओळखलं असतंस. माझी चूक मिठाची नाही, ती आठ दिवसांची आहे, हे तुझं बरोबर. दुसरं कोणी म्हटलं असतं तर मी त्याच्या अंगावर गेले असते. तू म्हटलंस, म्हणून कबूल.

तुझे साहेब आले होते. शेड दहा दिवस बंद होती. टाकीत डोकावले, फुटलेली नळी बघितली, ऑफिसच्या माणसाकडे बघितलं. तो माणूस म्हणाला, "यांनी लेखी दिलं नव्हतं." साहेब म्हणाले, "आता दिलंय." नळी दोन दिवसांत बसली. दोन दिवसांत, ठके. आता दर खेपेला मीठही तपासणार आहेत. चौघींना परत घेतलं. मला मुकादमीवरून काढलं, पिंपं धुवायला ठेवलं, आणि मुकादम झाली जाऊबाई. पहिल्याच दिवशी मला म्हणाली, "पिंपं नीट धुवा हो, आईची कुठली युक्ती लावू नका." आणि मग स्वतःच पिंपाची दुसरी बाजू धरायला आली.

बाकी सांगण्यासारखं नाही. तुझे भावजी उपाशी आहेत. म्हणजे जेवतात, पण बोंबलत जेवतात. त्या दिवशी मी गेटवरून आले, स्वयंपाकाला उभी राहिले आणि मिठाच्या डब्यात हात घातला. हात बाहेर येईना. चार मुठींची मूठ तीच ना. डबा झाकून ठेवला तो ठेवलाच. भावजी आपल्या ताटात वरून घेतात. मला घ्यायलाही धीर होत नाही. झाडू दिसतो, काड्या वाकताना दिसतात, वारा नसताना.

भुवई येते म्हणतात, वेळ लागतो. बोटांना तेल लाव. आमचं नको, चांगलं लाव.

येऊ नकोस म्हणालीस, येत नाही. तुला वाटेल तेव्हा तू ये. आलीस की भाजीत तुझ्या हाताने मीठ टाक, मग मी खाईन. घाई नाही. अळणी खाऊन कोणी मरत नाही.

ताई